नावे अनेक, कारण एक

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरब या गावाच्या शिवारात, पावसाळा सरता सरता एखाद्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिले, तर पऱ्हाटीच्या सहा-आठ तासांमागे एक-दोन तास तुरीचे उभे असलेले दिसतात. आणि अर्थशास्त्राचे पुस्तक उघडण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आलेला नाही अशा कास्तकारानेही ही मांडणी इतक्या सहजतेने केलेली असते, की तिच्यामागे काही हिशेब आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. हिशेब मात्र आहे आणि तो बारीक आहे. श्रावण-भाद्रपदात पावसाने ओढ दिली तर कपाशीची पाते-फुले गळतात. तुरीचे मूळ खोल जाते, तिला फुलोरा उशिरा येतो, म्हणून तेवढा ताण ती सोसते. उलट पुढे धुके धरून तुरीचा फुलोरा झडला, तर तोपर्यंत कपाशीचे एक-दोन वेचे घरात येऊन पडलेले असतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचा घात केला, परंतु ती अळी तुरीच्या वाटेस गेली नाही. हिरवी बोंडअळी मात्र कपाशीवरही पडते, तुरीवरही पडते आणि रब्बीत हरभऱ्यालाही सोडत नाही. म्हणजे ज्या वर्षी तिचा जोर असतो त्या वर्षी सातबाऱ्यावर तीन पिकांची नोंद असूनही धन्याच्या दृष्टीने पीक एकच असते. आणि मृगापासून पावसाने पाठच फिरवली, तर कोरडवाहू जमिनीत कोणत्या पिकाचे किती तास होते, हा प्रश्नच उरत नाही.

समभागांच्या खरेदीविषयी जो वाद गेली ऐंशी-नव्वद वर्षे चालू आहे, त्याचा गाभा या वावरात पुरता सापडतो. आपली पुंजी पुष्कळ कंपन्यांत विखरून ठेवावी, की नीट पारख करून निवडक चार-पाच कंपन्यांतच घालावी, असा तो वाद. आणि तो घालणारे बहुतेक लोक कंपन्यांची संख्या मोजत बसतात. कास्तकार पिके मोजत नाही, पिकांवर येणारी संकटे मोजतो. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दोन्ही पक्षांचे शहाणे लोक कसे फसले, ते पाहण्याजोगे आहे.

मूल्याधारित गुंतवणुकीचे शास्त्र ज्यांनी रचले, त्या बेंजामिन ग्रॅहॅम यांचे मूळ प्रतिपादन साधे आहे. कंपनीचा भाग म्हणजे बाजारात वरखाली होणारा आकडा नव्हे, तर एका चालत्या धंद्यातील हिस्सा होय; त्या धंद्याची मालमत्ता, कर्ज आणि नफा यांवरून त्या हिश्श्याचे मूल्य अजमावता येते; आणि बाजारात मागितली जाणारी किंमत त्या मूल्याहून बरीच कमी असेल तेव्हाच तो घ्यावा. शंभराचा ऐवज साठ रुपयांना घेतला, तर मधले चाळीस रुपये ही चुकीच्या अंदाजाविरुद्ध केलेली तजवीज. डेव्हिड डॉड यांच्या सहकार्याने १९३४ साली लिहिलेल्या ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’मध्ये आणि १९४९ च्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’मध्ये त्यांनी हे विवेचन केले. परंतु शंभर हा आकडा शेवटी आपला अंदाज आहे, तो कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, हे ग्रॅहॅम पुरते ओळखून होते. स्वस्तात घेतलेला एखादा भागही बुडू शकतो. स्वस्ताईने नफ्याचा संभव वाढतो, तोट्याची अशक्यता सिद्ध होत नाही. आणि संभवाचे रूपांतर भरवशात व्हावयाचे, तर असे व्यवहार अनेक असावे लागतात. विम्याची पेढी हजारो माणसांचा विमा उतरवते ती याच न्यायाने. म्हणून सावध गुंतवणूकदाराने कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त तीसच्या सुमारास कंपन्या बाळगाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले.

प्रतिपक्षही लेचापेचा नाही. केम्ब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा निधी सांभाळणारे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३४ साली एका विमा कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात, ज्यांविषयी आपणांस काही कळते आणि ज्यांच्या चालकांवर आपला विश्वास आहे अशा थोड्या उद्योगांत मोठ्या रकमा घालणेच योग्य, आणि जिथले काही कळत नाही अशा पुष्कळ ठिकाणी पैसा पांगवून सुरक्षितता साधते असे मानणे हा भ्रम होय, असा अभिप्राय दिला. ग्रॅहॅम यांचेच शिष्य वॉरन बफे यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या भागीदारीचे नियम बदलून, असाधारण संधी असेल तर एकाच भागात शेकडा चाळीसपर्यंत रक्कम घालण्याची मुभा स्वतःस घेतली. त्याआधी नुकतीच अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीवर सॅलड तेलाच्या घोटाळ्याची आपत्ती कोसळून तिचे भाग पडले होते, आणि बफे यांनी ते भरभरून घेतले होते. पुढे १९९३ च्या पत्रात त्यांनीच खुलासा केला, की ज्याला धंदा कळतो त्याला पाच ते दहा कंपन्या पुरेत, ज्याला कळत नाही त्याने सगळा बाजारच थोडा थोडा विकत घ्यावा. या खुलाशाचा पूर्वार्ध सर्वांना पाठ असतो. उत्तरार्ध आपल्याला लागू आहे असे मात्र क्वचितच कोणास वाटते.

येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. समजा, प्रत्येक भागाच्या वार्षिक उताराचढावाचे माप शेकडा चाळीस आहे, आणि कोणत्याही दोन भागांच्या हालचालींतील परस्परसंबंध पाव, म्हणजे ०.२५ आहे. सर्व रक्कम एकाच भागात असेल तर हेलकावा चाळीसचा. चार भागांत समान वाटली तर तो सव्वीस-सत्तावीसवर येतो. दहांत तेवीसच्या आत, विसांत साडेएकवीसच्या आत, आणि शंभरांत वीसच्या किंचित वर. त्यापुढे हजार कंपन्या घेतल्या तरी वीसच्या खाली तो उतरत नाही, कारण उरलेला हेलकावा सर्वांना सामाईक असलेल्या कारणांचा आहे. यावरून दोन गोष्टी दिसतात. विखुरणीचा बहुतेक लाभ पहिल्या दहा-पंधरा नावांतच पदरात पडतो. आणि परस्परसंबंध पावाऐवजी पाऊण धरला, तर शंभर नावे घेऊनही हेलकावा चाळीसवरून साडेचौतीसच्या खाली येत नाही. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली जो निबंध लिहिला आणि ज्या कार्यासाठी पुढे १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे मर्म हेच.

आता महाराष्ट्रातील प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. निवडक खरेदीचा कैवार घेणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी एक नाव हमखास येते: अमळनेर. खानदेशातील हे गावही नदीकाठचेच, आणि त्या नदीचे नाव योगायोगाने बोरी असे आहे. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी तेथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. भागभांडवल उभारताना गावातील व पंचक्रोशीतील व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी आणि नोकरदारांनी थोडे थोडे भाग घेतले. कंपनी तूप करी, पुढे ‘७८७’ नावाचा धुण्याचा साबण करू लागली. १९६६ साली प्रेमजी वारले तेव्हा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतला, आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने उठून, हा धंदा तुम्हांला झेपणार नाही, आपला हिस्सा विकून मोकळे व्हा, असा सल्ला त्याला दिला. १९७७-७८ मध्ये आयबीएम कंपनी देशातून गेल्यावर पडलेल्या पोकळीत या तूपवाल्या कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. तिचे नाव आता विप्रो असे असून, आजोबांनी घेतलेले भाग बक्षीसभागांनी आणि विभाजनांनी वाढत जाऊन अमळनेरातील कित्येक साध्या घरांत कोट्यवधींची मालमत्ता झाले.

ही कथा खरी आहे आणि सांगण्याजोगी आहे. मात्र तिच्यापासून बोध काय घ्यावयाचा, याविषयी माझे मत प्रचलित मताहून निराळे आहे. १९४६ साली अमळनेरात या कंपनीखेरीज आणखी एक मोठा उद्योग होता. श्रीमंत प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेली प्रताप मिल तेथे दिमाखाने चालत होती. त्याच शेठजींच्या नावाच्या शाळेत साने गुरुजींनी शिक्षकी केली, आणि त्यांच्याच औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. नुकत्याच संपलेल्या महायुद्धात हिंदुस्थानातील कापडगिरण्यांनी चांगला पैसा मिळवला होता. ग्रॅहॅम यांच्या कसोट्या खिशात घालून एखादा विवेकी माणूस त्या साली रेल्वेतून अमळनेरास उतरला असता, तर मालमत्ता कोठे आहे, नफ्याची परंपरा कोठे आहे आणि गिऱ्हाईक कोठे ठरलेले आहे, असे तीन प्रश्न विचारून तो बहुधा गिरणीच्या फाटकाशीच थांबला असता. शेंगदाण्याच्या तेलापासून तूप करू पाहणाऱ्या नव्या कारखान्याच्या वाटेस तो गेला नसता. गिरणी पुढे बंद पडली. ज्याने पाच रकमा करून एक गिरणीत, एक तुपात आणि बाकीच्या तीन आणखी कोठे घातल्या असत्या, त्याला मात्र बरोबर निवड करण्याची गरजच पडली नसती. तुपाच्या पंचमांशाने सगळ्यांचे भरून काढले असते. तूप घेणाऱ्यांपैकी कोणीही संगणक निवडला नव्हता, ही गोष्ट तर उघडच आहे.

अमेरिकेतील प्राध्यापक हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी १९२६ ते २०१६ या काळात तेथील बाजारात आलेल्या सुमारे सव्वीस हजार भागांचा तपास करून २०१८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो या संदर्भात विलक्षण आहे. निम्म्याहून अधिक भागांनी आपल्या उभ्या आयुष्यात सरकारी अल्पमुदतीच्या हुंड्यांइतकेही उत्पन्न दिले नाही. आणि बाजाराने निर्माण केलेली सगळी निव्वळ संपत्ती शेकडा चार कंपन्यांच्या खाती जमा झाली. निवडीचे पुरस्कर्ते म्हणतात, मग ती चारच शोधा. विखुरणीचे पुरस्कर्ते म्हणतात, ती चार हुकण्याचा संभव केवढा मोठा आहे ते पाहा. दुसऱ्यांचे म्हणणे मला अधिक सयुक्तिक वाटते, कारण पहिल्यांना आपण त्या चारांपैकीच एक धरली आहे हे तीस-चाळीस वर्षे गेल्यावाचून कळण्याचा मार्ग नसतो.

विदर्भातील वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील तीस निवडक कंपन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी होती, आणि मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. शाळेच्या वह्यांपासून कचेरीच्या दप्तरापर्यंत कागद लागणारच, असे म्हणून कोणी बल्लारपूरचे भाग पिढीजात ठेव समजून घेतले असते, तर त्यास मूर्ख कोण म्हणाले असते? २०२० साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कामकाजात गेली. निर्देशांकाने मात्र तिला केव्हाच वगळून दुसरी घेतली होती. आणि निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या निधीची उपयुक्तता मला या निर्विकार वगळण्यात दिसते. घरच्या माणसाला विकणे जिवावर येते. यादीला कोणाचा लोभ नसतो.

एवढ्यावरून विखुरणीचा विजय झाला असे मात्र नव्हे. उलट तिची जी भयंकर फजिती झाली, तिचा धागा थेट वऱ्हाडच्या काळ्या जमिनीपर्यंत पोचतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला पूर्वी कधी न ऐकलेला भाव आला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरात येथून कापूस जाई आणि मुंबईत सोने-चांदी येई. त्या पैशाला वाट फुटावी म्हणून बँका निघाल्या, वित्तमंडळ्या निघाल्या, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, रुई दाबण्याच्या आणि जहाजांच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लोक पेढ्या उघडीत आणि झाकीत. त्या काळच्या सट्टेबाजाजवळ दहा-वीस निरनिराळ्या कंपन्यांचे भाग असत, आणि त्या अर्थाने त्याची पुंजी आजच्या कोणत्याही निधीइतकी विखुरलेली होती. परंतु बँकेने कर्ज दिले होते ते वित्तमंडळीला, मंडळीने पैसा घातला होता तो जमिनीच्या कंपनीत, तिचे भाग गहाण पडले होते ते पुन्हा बँकेत, आणि या सगळ्यांच्या तळाशी एकच वस्तू होती, ती म्हणजे रुईचा भाव. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध थांबल्याची वार्ता आली. १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला, तोवर मुंबईतील बड्या बड्या पेढ्यांची दारे लागू लागली होती. बॅक बेचा भाग दोन हजारांच्या खाली आला आणि सरकारचे पाठबळ असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे गुंडाळावी लागली. नावे वीस होती. त्यांना मारणारे कारण एक होते.

कापसाने अशी पाळेमुळे पसरण्याची खोड या मुलखात नवी नाही. दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर अशी एकेकाळी धावणारी अरुंद मापाची शकुंतला रेल्वेसुद्धा मुख्यतः रुईच्या गाठी मोठ्या लाइनीपर्यंत नेऊन पोचवण्यासाठीच घातली गेली, आणि तिची मालकी किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. त्या कंपनीचा भागधारक स्वतःस रेल्वेचा मालक समजत असेल. वस्तुतः तो बऱ्याच अंशी पऱ्हाटीचाच मालक होता.

म्हणून बोरी अरबसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला मी जो सल्ला देईन, तो मुंबई-पुण्याच्या माणसाला देईन त्याहून वेगळा आहे. अशा गावात कृषी सेवा केंद्र चालवणारा एखादा चुणचुणीत तरुण डोळ्यांसमोर आणा. ज्या धंद्यातले आपल्याला कळते त्यातच पैसा घालावा, हे सूत्र त्याने वाचलेले आहे. आणि त्याला खरोखरच पुष्कळ कळते. कोणत्या बियाण्याच्या पिशवीसाठी मे महिन्यात रांग लागते, कोणते खत काउंटरवर पडून राहते, कोणत्या कंपनीचा पंप दुरुस्तीला वरचेवर येतो, कोणत्या ट्रॅक्टरचे सुटे भाग यवतमाळात लगेच मिळतात, हे त्याच्याइतके दलाल स्ट्रीटवरील विश्लेषकाला ठाऊक नाही. तेव्हा तो बियाण्याची एक, खताची एक, पंपाची एक आणि ट्रॅक्टरची एक अशा चार कंपन्यांचे भाग घेतो, वार्षिक अहवाल वाचून घेतो, रास्त किमतीला घेतो, आणि आपण पारखही केली व विखुरणीही केली, अशा समाधानात राहतो.

आता त्याचे बाकीचे जीवन पाहा. त्याची वडिलोपार्जित आठ-दहा एकर जमीन कोरडवाहू. दुकानातला बहुतेक माल उधारीवर गेलेला, आणि ती उधारी वहीत ज्या नावांपुढे मांडली आहे, ते सगळे दिवाळीनंतर कापूस विकून पैसे देणारे. पावसाने दगा दिला की वावर जाते, उधारी थकते, पुढच्या हंगामाचा खप बसतो. आणि तो दगा एका तालुक्यापुरता नसून देशभराचा असेल, तर त्याच महिन्यात त्या चारही कंपन्यांचे भाव उतरतात. ज्या दिवशी त्याला भाग विकून पैसा उभा करावा लागेल, नेमक्या त्या दिवशी त्यांना किंमत नसेल. जवळचे ज्ञान आणि जवळचा धोका बहुधा एकाच ठिकाणी नांदतात, ही या सूत्रातील अडचण सूत्र सांगणारे सांगत नाहीत. या तरुणाने औषधांची, सॉफ्टवेअरची, बंदराची, शहरी दुकानदारीची कंपनी घ्यावी, आणि तेथे त्याचे ज्ञान तोकडे पडत असेल तर सरळ निर्देशांकाचा निधी घ्यावा. आणि आपले बियाण्याविषयीचे ज्ञान आपल्याच दुकानात, चांगला माल ठेवून आणि उधारी आवरून, वापरावे. अहवालातील रोख रकमेची आवक, प्रवर्तकांनी तारण ठेवलेले भाग आणि आप्तांच्या कंपन्यांशी चाललेले व्यवहार वाचण्याची ज्याला सवय व सवड आहे, त्याने खुशाल दहा-बारा कंपन्या निवडाव्यात. परंतु प्रत्येक नावासमोर ही कंपनी कशाने मरेल हे एका ओळीत लिहावे. दोन नावांसमोर तीच ओळ आली, तर त्यांतले एक खोडावे.

बफे यांच्या धाडसाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जीको या विमा कंपनीच्या इतिहासात आहे. विखुरणीचा उपदेश करणाऱ्या ग्रॅहॅम यांनीच १९४८ साली आपल्या मंडळीच्या भांडवलाचा जवळजवळ चतुर्थांश, म्हणजे सुमारे सात लाख डॉलर, देऊन तिचा अर्धा हिस्सा घेतला होता; आणि या एका खरेदीने दिलेला नफा त्यांच्या वीस वर्षांच्या बाकी सर्व व्यवहारांच्या बेरजेहून मोठा ठरला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. गंमत अशी, की गुंतवणूक मंडळीला विमा कंपनीचा इतका मोठा हिस्सा ठेवता येत नाही असे सरकारने बजावल्यामुळे ते भाग त्यांना आपल्या भागधारकांत वाटून टाकावे लागले होते. त्याच जीकोचा १९७२ साली एकसष्ट डॉलरांवर असलेला भाग १९७६ साली दोन डॉलरांवर आला, आणि कंपनी बुडते की तरते असा प्रसंग उभा राहिला. बफे यांनी तेव्हा तो घेण्यास सुरुवात केली. विकणारेही पुष्कळ होते, आणि त्यांपैकी ज्याची सारी पुंजी त्या एका भागात अडकली होती त्याला थांबण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती. बफे यांच्या पदरी मात्र बर्कशायर या त्यांच्या कंपनीची निराळी विमा कंपनी होती, ब्लू चिप स्टॅम्प्स होती, आणि तिच्यामार्फत १९७२ मध्ये घेतलेला सीज कँडीज हा कॅलिफोर्नियातील चॉकलेटांचा धंदा होता; जीकोचे भाग रद्दी झाले असते, तरी नाताळात तिकडचे लोक चॉकलेटे घेणारच होते.